नळ्या न हिंदकळणारी गाडी

६ जाने., सोमवार
आपटे सरांनी केबिनमध्ये बोलावलं. लॅबचे मॅनेजर. वाईट बातमी असली की ‘आपण’ लावून बोलतात, त्यामुळे दारातच कळलं.
"उज्ज्वलाताई, आपण अकरा वर्षं घरोघर जाऊन रक्त घेताय, आदर आहेच. पण पंधरा मार्चपासून होम कलेक्शनला स्वतःची गाडी लागणार. कसब्याबाहेरचे, नदीपलीकडचे कॉल घ्यायचेत. आपल्याला काउंटरवर घेऊ. बसून काम, पंख्याखाली."
जानेवारीत पंखा दाखवतायत मला.
काउंटर म्हणजे पडद्याआडची खुर्ची आणि सकाळभर नुसते हात. माणूस कोण, कुठला, पत्ता नाही. मला घरं हवीत. कुणाची शीर मनगटाशी सापडते, कुणाला सुई बघून चक्कर येते, कुणाचा चहा माझ्यासाठी अडलेला असतो, हे सगळं माझ्या डोक्यात आहे. ते टाकून खुर्चीत बसायचं? रडू आलं. जिन्यात उभी राहून डोळे पुसले आणि वर गेले.
गाडी येत नाही. कसब्यात कधी लागलीच नाही, सगळं पायीच.

७ जाने., मंगळ.
घरी सांगितलं, नवऱ्याला आणि लेकीला. प्रकाश चाकणच्या कंपनीतून नुकतेच आले होते, बूट काढता काढता म्हणाले, "काउंटर काय वाईट आहे?" त्यांना बारा तास मशिनपुढे उभं राहावं लागतं, म्हणून खुर्ची त्यांना बक्षीस वाटते. राग नाही आला.
मैत्रीनं लगेच फोन काढला. वाघोलीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कशावरही तक्ता करते. "आई, ऑब्व्हियसली इलेक्ट्रिक घे. गिअर नाही, क्लच नाही. तुझ्यासाठी परफेक्ट."
"माझ्यासाठी म्हणजे?"
"म्हणजे... बिगिनर-फ्रेंडली."
जेवण होईपर्यंत तेवीस गाड्यांचा तक्ता तयार. एका चार्जमध्ये किती किलोमीटर, स्पीड, चार्जिंगला किती तास. मी विचारलं, यातली न पडणारी कुठली? तो कॉलम नाही म्हणाली.

१२ जाने., रवि.
नदीपात्रातला रस्ता, सकाळी सात. शेजारच्या शिंद्यांची साधी सायकल. आधी तोल, मग बॅटरी, असं मैत्रीचं म्हणणं.
गावी सायकल भावाची होती. मी दुपारी गुपचूप हाफ पायडल मारायची, दांड्याखालून पाय घालून. सीटवर बसून कधी चालवलीच नाही. आज त्रेचाळिसाव्या वर्षी सीटवर बसले. ब्रेक असतो हे विसरून चपलांनी थांबवत होते. कोपर सोललं. बाजूला एक काका कार शिकत होते, त्यांची अवस्था माझ्याहून वाईट. बरं वाटलं.

१४ जाने., मंगळ.
संक्रांत. दातार आजींकडे गेले. वय एकोणऐंशी, हृदयाची गोळी चालू, म्हणून दर पंधरा दिवसांनी पोटॅशियम तपासायचं. त्यांना दुसरं कुणी चालत नाही, माझाच हात लागतो. तिळगुळाची वाटी पुढे करून म्हणाल्या, "घ्या. मला शुगर आहे, मी खाणार नाही. त्यामुळे गोड बोलायचं बंधनही नाही."
गाडीचं सांगितलं. "शिका की. पडलात तर सुई कशी टोचायची ते माहितीच आहे तुम्हाला."

१९ जाने., रवि.
पुलाच्या खालपासून दुसऱ्या पुलापर्यंत, न टेकता! येताना टेकले, पण जाताना नाही.
अकोल्याला आईला फोन केला. "काहून वो, आता गाडी शिकून रायली का? पडशीन नं!" मग जरा थांबून, "कोणत्या रंगाची घेतं?"

२४ जाने., शुक्र.
ठरलं. इलेक्ट्रिक सायकल घ्यायची. पायडल मारलं की मोटर मागून हळूच ढकलते. लायसन नको, नंबर प्लेट नको, ट्रॅकवर आठचा आकडा नको. परीक्षा नाही हे ऐकलं आणि छातीवरचं ओझंच उतरलं. दुकानदार चांगला आहे, चार दिवस वापरून बघा म्हणाला. मैत्रीचं तोंड मात्र लांब. "आई, नदीपलीकडचे कॉल असले तर? चढ आहेत, लांब आहे."
म्हटलं, मोटर आहे ना.

२७ जाने., सोमवार
सायकलवर पहिली फेरी. सहा घरं. पायी सव्वादोन तास लागतात, आज एक तास दहा मिनिटं. नळ्यांचा बर्फाचा डबा मागे कॅरिअरवर, दोरीचे चार वेढे, अगदी घट्ट. फडके हौदाच्या चौकात एक बाई थांबून बघत राहिली. मीही बघू दिलं. आपटे सर खिडकीत होते, घंटी वाजवली.

तोच दिवस, दुपारी
नसीमचा फोन. आत मशिनवर असते ती, माझी लॅबमधली जवळची. "उज्ज्वला, सहापैकी तीन गेली."
रक्त मशिनमध्ये फिरवलं की तांबडं खाली बसतं आणि वर पिवळं पाणी राहतं, त्यावर तपासण्या होतात. पेशी फुटल्या असल्या तर ते पाणी गुलाबी येतं आणि पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. दातार आजींची नळी गुलाबी. नसीमनं रिपोर्ट अडवला म्हणून बरं, नाहीतर त्या आज ॲडमिट असत्या.
जेवले नाही.

२८ जाने., मंगळ.
तिन्ही घरी पुन्हा गेले, पायी. पुन्हा टोचलं. दातार आजींना खरं सांगितलं. गल्लीतले उंचवटे, डबा मागच्या चाकावर, सगळं.
दंड पुढे करत म्हणाल्या, "म्हणजे माझं रक्त पेठेत हिंडून आलं. मी चार वर्षांत गॅलरीच्या पुढे गेलेले नाही."
हसले, पण शरम वाटली. अकरा वर्षांत माझं सँपल परत आलेलं नाही. नव्या पोरांनी घट्ट बांधलं असतं तर मीच ओरडले असते. मी गाडीवर कसं दिसते याच्या नादात होते.
पायीच बरं होतं का? काउंटरच बरं?

३० जाने., गुरु.
नसीमनं चहाला बोलावून झापलं. "रडत काय बसलीस? गाड्या तपास ना. कसं तपासायचं आपल्याला येतं."
मग दोघींनी मिळून ठरवलं. पेशंटचं रक्त वापरायचं नाही. माझं वापरायचं. एक नळी लॅबमध्ये जागेवर राहील, बाकीच्या एकेका गाडीवर फिरून येतील, सगळ्यांचा रस्ता एकच. मग मशिनमध्ये फिरवून पिवळं की गुलाबी ते बघायचं.
मैत्रीला सांगितलं तर आधी ‘ईऽऽ’ केलं आणि मग तक्त्यात नवा कॉलम.

१ फेब्रु., शनि.
दुपारी लॅब रिकामी असताना नसीमनं माझं रक्त घेतलं. मी तोंड फिरवलं! रोज लोकांना सांगते, ‘काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं’. खोटं आहे ते.
चार नळ्या. एक जागेवर. एक सायकलच्या कॅरिअरवर, मुद्दाम सोमवारसारखीच बांधून. मग जवळच्या शोरूममध्ये. तिथला सेल्समन सुरू झाला, रेंज, इको मोड, मोबाइलवर ॲप, रिव्हर्स गिअर. मी डबा दाखवला. "हा पायाशी बसेल का?"
"मॅडम, टिफिन आहे का?"
"रक्त आहे."
पुढची दोन मिनिटं रेंजबद्दल काही बोलला नाही.
तिसरी नळी बिनलायसनची छोटी स्कूटर, पंचवीसच्या वर न जाणारी. ती मी चालवली. चाकं एवढीशी, खड्डा आला की दात वाजतात. चौथी मोठी स्कूटर. तिला लायसन लागतं, म्हणून तो पुढे आणि मी मागे, डबा त्याच्या पायाशी, खाली फोमचा तुकडा. गाडी सुरू झालेली कळलीच नाही, इतकी शांत. उंचवट्यावर नुसती वर-खाली झाली.
उतरल्यावर सीटवरून हात फिरवला. मला ती हवी होती.

तोच दिवस, संध्याकाळी
जागेवरची पिवळी. सायकल गुलाबी. छोटी स्कूटर किंचित गुलाबी. मोठी पिवळी, जागेवरच्या नळीसारखीच स्वच्छ.
नाचायची बाकी होते. तर नसीमनं खोडा घातला. "अर्धवट झालं हे. सायकलवर डबा पाठीवर घेऊन जा ना. गाडी बदललीस आणि जागापण बदललीस, मग दोष कुणाला देणार?"
बरोबर आहे तिचं. चिडले तरी बरोबर आहे.

२ फेब्रु., रवि.
आज लॅब अर्धा दिवस. पुन्हा टोचून घेतलं. सायकल, तोच रस्ता, डबा सॅकमध्ये, पाठीवर.
पिवळं.
म्हणजे सायकलचा दोष नव्हता. दोष माझ्या बांधण्याचा. आजच सायकल घेऊन मोकळी होऊ शकते. परीक्षेशिवाय. सगळे खूश.
आणि मी नाखूश! संध्याकाळभर कारणं शोधत होते. अंतर, चढ, नऊ-नऊ घरं, दोन तासांत नळ्या परत पोचायला हव्यात. सगळी खरीच आहेत, निम्मी मैत्रीनं आधीच सांगितली होती. पण तेव्हा ऐकली नाहीत, कारण मला आठच्या आकड्याची भीती होती. सायकल मी निवडलीच नव्हती. परीक्षेपासून पळाले होते, एवढंच.
प्रकाशना हे सगळं बोलून दाखवलं. आधी हातातला कप विसळून ठेवला. मग म्हणाले, "मोठी घे. शिकवतो मी."

५ फेब्रु., बुध.
मोठी बुक केली. निळी. बॅटरी बाहेर काढता येते, ही अट माझी. आम्ही मंगळवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर, खाली प्लग नाही आणि घरमालक लावू देणार नाहीत. विचारलं होतं. म्हणाले, "लावा की. मग मीही तुमच्या मीटरवर गीझर लावतो."
सायकल दुकानदाराला परत केली. चांगला माणूस, हसून घेतली.

७ फेब्रु., शुक्र.
लर्निंगची परीक्षा, कॉम्प्युटरवर. पास! एक चुकलं, निळ्या पाटीचं. पक्क्या लायसनला महिनाभर थांबावं लागतं. मैत्रीनं मिळाला तो पहिला स्लॉट धरला, तेरा मार्च. पंधराच्या दोन दिवस आधी. म्हणजे एकच संधी.

१५ फेब्रु., शनि.
गाडी आली. शोरूमवाल्यानं नारळ पुढे केला, प्रकाशनी हसून बाजूला ठेवला. घरी आणून आधी बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर किल्ली ठेवली. आईला व्हिडिओ कॉल. "निया रंग हाय वो! लय साजरी!" मग प्रकाशना, "जावईबापू, मागं तुमीच बसजा तिच्या."

१६ फेब्रु., रवि.
नदीपात्र. पुढे मी, मागे प्रकाश, पुढे-मागे लाल एल.
भीती वाटली की मी मूठ आवळते. आवळली की मनगट फिरतं आणि गाडी सुसाट. गाडी सुसाट की आणखी भीती. प्रकाश मागून ओरडतायत, "मूठ सोड! मूठ सोड!" अकरा वर्षं मी लोकांना ‘मूठ घट्ट करा’ सांगितलंय, हात ऐकेच ना.
झुडपात थांबलो. दोघं उभेच्या उभे. प्रकाशनी मागे बसून दोन्ही पायांनी ब्रेक दाबले होते, रस्त्यावर त्यांच्या बुटांच्या रेघा आहेत.

२३ फेब्रु., रवि.
युक्ती सापडली. सुई धरताना बोटं जशी सैल असतात तशी धरायची मूठ. अंगठा आणि दोन बोटं. आज एकदाही उडाली नाही. आठचा आकडा खडूनं काढला, चौदा वेळा फिरले, पाच वेळा पाय टेकला.
टेकला की नापास, असं सगळे सांगतात.

२ मार्च, रवि.
आठ: वीस वेळा, दोनदा टेकला. मागे बसलेले प्रकाश हलके झालेत, किंवा मी घट्ट. ब्रेक दाबत नाहीत आता. येताना कसब्यातून आलो. बिनआवाजाची गाडी पेठेत अवघड जाते, लोक रस्त्याच्या मधोमध, मागे गाडी आहे हे कळतच नाही. एक आजोबा वळून म्हणाले, "हॉर्न विकत घ्यायचा राहिला का?" खरंच वाजवला नव्हता. चूक माझी.

५ मार्च, बुध.
होम कलेक्शनला दोन नवीन घेतलेत, दोघांकडे मोटरसायकली. आज त्यांची सात सँपल गुलाबी आली. टाकीवर डबा बांधून आले होते. आपटे सर लालबुंद.
नसीमनं काय केलं असेल? माझ्या रक्ताच्या त्या दिवसाच्या नळ्यांचे फोटो फोनमध्ये होते, ते उघडून फोन सरांच्या टेबलावर ठेवला. गुलाबी आणि पिवळी शेजारी शेजारी.
मला बोलावणं. मी म्हटलं, गेलं काउंटर, आता घरीच बसवतात. तर म्हणाले, "तुम्ही हे लिहून द्याल का? सगळ्यांसाठी. डबा कुठे ठेवायचा, कसा."
‘आपण’ नव्हतं आज. विसरले असतील.

६ मार्च, गुरु.
एक पान लिहिलं. स्कूटर असेल तर डबा पायाशी, खाली फोम. मोटरसायकल, सायकल असेल तर पाठीवर. नळ्या उभ्या. दोरीनं आवळायचा नाही. उंचवट्यावर घाई नाही. सरांनी दोनदा वाचलं, एका शब्दाचा ऱ्हस्व दीर्घ केला आणि भिंतीवर लावलं. खाली माझं नाव राहू दिलं.
खूप आनंद झाला. इतका की घरी सांगताना अडखळले.
पण गाडीच्या अटीबद्दल सर अवाक्षर बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

१० मार्च, सोमवार
दातार आजींकडे. शीर पहिल्या फटक्यात. म्हणाल्या, "तुमच्या सरांना फोन केला होता मी."
घाबरले. "काय म्हणालात?"
"काही नाही. चौकशी केली. काउंटरला खुर्ची किती मोठी आहे, मला मांडीवर घेऊन बसाल का, असं."
सर यावर काय म्हणाले ते सांगितलं नाही. चहा दिला. बिनसाखरेचा.

१२ मार्च, बुध.
आठ: दहा वेळा, एकदा टेकला. उद्या. प्रकाशनी सुट्टी टाकली.

१३ मार्च, गुरु., संध्याकाळी
झाली परीक्षा. पहिला गोल सुरेख. दुसऱ्या गोलात शेवटी गाडी कलली आणि डावा पाय... टेकला का घासला, मला खरंच सांगता येत नाही. प्रकाश म्हणतात घासला. ते माझ्या बाजूचे. तपासणाऱ्या साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं, वर बघितलं नाही. "मेसेज येईल. एक-दोन दिवसांत."
दुपारपासून फोन हातात. दोन मेसेज आले, दोन्ही कर्जाच्या जाहिराती.
पाचला आपटे सरांची यादी आली, ग्रुपवर. शनिवारपासूनची. उद्या धुळवड, लॅब बंद. वरती दोघं नवीन. खाली तिसरं नाव माझं. नऊ पत्ते, दोन नदीपलीकडचे, पहिला साडेसहाचा. ‘वाहन’च्या रकान्यात ‘इलेक्ट्रिक’.
तीनदा वाचलं. मग वाटलं, फसवून नाही घ्यायचं. फोन लावला.
"सर, लायसनचा निकाल यायचाय अजून. पाय टेकला असेल कदाचित."
त्यांनी विचारलं, "शनिवारपर्यंत नाही आला, किंवा नापास झालात, तर काय करणार?"
"चारला उठेन सर. सात घरं पायी, दोन रिक्षानं. नळ्या वेळेत येतील. पुन्हा परीक्षा देईन."
मागे त्यांच्या घरी कुणीतरी कुकरच्या शिट्ट्या मोजत होतं.
"बरं. यादी मी बदलत नाही," म्हणाले आणि ठेवून दिला.
मैत्रीनं विचारलं, म्हणजे गाडीची अट गेली का? माहीत नाही. शनिवारपुरती की कायमची, तेही माहीत नाही. प्रकाश खाली जाऊन बॅटरी घेऊन आले, नऊ किलो, दोन जिने. चार्जिंगला लावली आहे. मेसेज अजून आलेला नाही. पत्ते मात्र मी पाठ करायला घेतलेत, नदीपलीकडचे आधी.